भिवपुरीची वीज कोणाची?

कर्जत लोकलने जाणाऱ्यांना 'भिवपुरी रोड' हे स्थानक परिचित आहे. पावसाळ्यात धबधब्याच्या ओढीने तेथे तरुणांची झुंबड उतरते आणि सायंकाळच्या गाडीने परत फिरते. स्थानकाच्या नावातील 'रोड' या शब्दाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. रेल्वेच्या परिभाषेत त्याचा अर्थ इतकाच की गाव येथे नाही, येथून गावाकडे वाट जाते. खरे भिवपुरी कर्जतच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी आहे. तेथील वीजगृहाने १९२२ पासून मुंबईला वीज पुरवली आहे.

तंत्रज्ञानाविषयी आज समाजमाध्यमांवर जे वाद रंगतात, त्यांत बहुधा दोनच पक्ष असतात. एक 'प्रगतीवादी', दुसरा 'विकासविरोधी'. धरण असो, मेट्रोची कारशेड असो वा नवा महामार्ग, प्रत्येकाला या दोहोंपैकी एका रांगेत उभे केले जाते. भिवपुरीच्या विजेचा इतिहास या वाटणीत बसत नाही. या विजेविषयी कोणाचे मत काय होते, हे त्याच्या विचारसरणीपेक्षा तो पाण्याच्या आणि तारेच्या कोणत्या टोकाला उभा होता यावर अधिक अवलंबून होते.

ही कहाणी मुंबईच्या धुरापासून सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरणगावातील गिरण्या वाफेवर चालत. वाफेसाठी कोळसा हवा, आणि कोळशाच्या खाणी मुंबईपासून शेकडो मैल दूर, बंगाल-बिहारकडे. वाहतुकीचा खर्च मोठा, पुरवठा बेभरवशाचा आणि चिमण्यांचा धूर परळ-लालबागच्या चाळींवर पसरलेला. दुसरीकडे मुंबईपासून पन्नास-साठ मैलांवर सह्याद्रीचा कडा. तेथे चार महिन्यांत धो धो पाऊस कोसळे आणि ते पाणी नुसते वाहून जाई. ते घाटमाथ्यावर अडवून कोकणात सोडले तर त्यापासून वीज निर्माण होईल, ही कल्पना वास्तुविशारद डेव्हिड गॉसलिंग यांनी मांडली आणि जमशेटजी टाटांनी उचलून धरली. जमशेटजींचे १९०४ मध्ये निधन झाले. काम पुढे दोराबजींनी नेले.

१९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची स्थापना झाली. तिचे भांडवल हिंदुस्थानातच उभे राहिले आणि अनेक संस्थानिकांनी भाग विकत घेतले. स्वदेशीच्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. १९११ मध्ये लोणावळ्याजवळ वळवण धरणाची पायाभरणी झाली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. पाठोपाठ १९१६ मध्ये दुसरी कंपनी आली, 'आंध्र व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी'. या नावाने आजही पुष्कळांची फसगत होते. त्याचा आंध्र प्रदेशाशी काहीही संबंध नाही. पुणे जिल्ह्यातील मावळात इंद्रायणीला मिळणारी आंद्रा ही लहानशी नदी आहे. तिच्या खोऱ्याला स्थानिक लोक आंदर मावळ म्हणतात. इंग्रजी कागदपत्रांत त्या नदीची 'आंध्र' झाली. तिच्यावर ठोकरवाडीला धरण बांधले गेले, डोंगर पोखरून बोगदा काढला गेला आणि बोगद्यातील पाणी पोलादी नळांतून कड्याखाली भिवपुरीला आणले गेले.

या नळांत काय घडते ते समजून घेण्यासारखे आहे. माथा आणि पायथा यांच्यातील उंचीचा फरक सुमारे ५०० मीटर. इतक्या उंच उभ्या पाण्याच्या स्तंभाचा तळाशी येणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ पन्नास पट असतो. ते पाणी अरुंद तोंडातून बाहेर पडताना त्याची धार गोळीसारखी सुटते आणि पेल्टन चक्राच्या कडेला बसवलेल्या वाट्यांवर आदळून ते चक्र फिरवते. म्हणजे येथे फार मोठी नदी लागत नाही, उंची लागते. सह्याद्रीने ती फुकट दिलेली होती. ज्या कड्याने आगगाडीला १८६३ पर्यंत अडवून ठेवले, ज्या बोर घाटाच्या कामात साथीच्या रोगांनी आणि अपघातांनी हजारो मजुरांचे बळी गेले, तोच कडा आता भांडवल ठरला.

आणखी एक उलथापालथ झाली, ती नकाशा उघडल्याशिवाय ध्यानात येत नाही. आंद्रा नदीचे पाणी मूळचे पूर्ववाहिनी. इंद्रायणी, भीमा, कृष्णा असा प्रवास करून ते बंगालच्या उपसागराला मिळे. धरणाने आणि बोगद्याने ते पश्चिमेकडे वळवले. आता ते भिवपुरीला उतरते, पेज नदीत जाते, तेथून उल्हास नदीत आणि शेवटी अरबी समुद्राला मिळते. एका वीजगृहासाठी नदीने समुद्र बदलला.

गिरणीमालकाला यातून स्वस्त आणि भरवशाची शक्ती मिळाली. मुंबईकराला दिवे आणि पंखे मिळाले. शहरातील ट्रामगाड्या १९०७ पासून विजेवर धावत होत्या. त्या चालवणारी कंपनी पूर्वी स्वतःची वीज स्वतः तयार करी, तीही १९२० च्या दशकात टाटांकडून घाऊक वीज घेऊ लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेची आगगाडी धावली. मुंबईच्या 'आधुनिक' जीवनाचे जे चित्र डोळ्यांपुढे येते, म्हणजे रात्रपाळी, लोकल, झगमगते चित्रपटगृह, ते याच दोन दशकांत आकाराला आले.

घाटमाथ्यावरून हेच दृश्य वेगळे दिसे. धरण म्हणजे बुडालेली भातखाचरे, बुडालेली देवळे आणि स्मशाने. इतिहासाच्या पुस्तकांत आंदर मावळातील विस्थापनाला फारशी जागा मिळालेली नाही. पण टाटांचा पुढचा प्रकल्प शेजारच्या मुळशी खोऱ्यात आला तेव्हा हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रापुढे उभा राहिला. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधून पाणी कोकणात भिरा येथे सोडण्याची ती योजना होती. पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी त्यात जाणार होत्या, आणि त्या जमिनी म्हणजे आंबेमोहोर भातासाठी प्रसिद्ध असलेली खाचरे.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबले. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे प्रमुख सहकारी. जगातील धरणविरोधी चळवळींच्या इतिहासात मुळशीचे नाव अगदी आरंभीच्या पानांवर येते.

त्या वेळचा युक्तिवाद आजही ओळखीचा वाटतो. धरणाच्या बाजूने बोलणारे म्हणत: कंपनी हिंदी माणसांची आहे, कोळशाची बचत होईल, देशी उद्योग वाढेल, हजारोंना रोजगार मिळेल, मूठभर गावांसाठी राष्ट्राची प्रगती अडवावी काय? सत्याग्रही म्हणत: राष्ट्र म्हणजे कोण? भूसंपादनाचा १८९४ चा कायदा सार्वजनिक हितासाठी आहे. खाजगी कंपनीचा नफा हे सार्वजनिक हित कसे? आणि नुकसानभरपाईचे पैसे किती दिवस पुरणार, जमीन तर पिढ्यान्‌पिढ्या पुरते. खुद्द गांधीजींनी टाटांना उद्देशून लिहिले आणि कायद्याने मिळालेल्या अधिकाराचा आग्रह धरण्यापूर्वी मावळ्यांचा विचार करावा, अशा आशयाचे आवाहन केले.

येथे एक गैरसोयीचा तपशील लपवू नये. मुळशीच्या पुष्कळ जमिनींची मालकी कसणाऱ्या मावळ्यांकडे उरलेलीच नव्हती. ती कर्जापोटी पुण्यातील सावकारांकडे गेली होती. भरपाईची रक्कम चांगली मिळेल असे दिसताच या वर्गाचा उत्साह मावळला. ज्यांच्या नावावर जमीन त्यांना पैसा मिळाला, आणि जे तिच्यावर जगत त्यांना स्थलांतर. पुण्यातील पुढाऱ्यांचा पाठिंबा उतरत गेला, सत्याग्रहींना तुरुंगवास घडला. १९२४ च्या अखेरीस बापटांनी कामगारांची गाडी अडवून शस्त्र चालवले आणि दीर्घ शिक्षा ओढवून घेतली. तेथे लढा संपला. भिऱ्याचे वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले.

बापट यंत्राचे शत्रू होते काय? त्यांनी विलायतेत यंत्रशास्त्राचे शिक्षण घेतले होते आणि तेथूनच बाँब तयार करण्याची कृती हिंदुस्थानात आणली होती. असा माणूस यंत्राला घाबरत नसतो. त्यांचा आक्षेप विजेवर नव्हता. ज्याची जमीन जाते त्याला विचारले का जात नाही, हा त्यांचा प्रश्न होता. 'विकासविरोधी' हा शिक्का त्यांच्यावरही मारला गेला होता, आणि तो तेव्हाही तितकाच आळशी होता.

कर्जत-नेरळच्या पट्ट्यातून, म्हणजे घाटाखालून, ही वीज आणखी निराळी दिसे. येथे बुडालेली गावे नव्हती. येथे होते मनोरे. भिवपुरी आणि खोपोलीहून निघालेल्या उच्च दाबाच्या तारा आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी वस्त्यांच्या डोक्यावरून मुंबईकडे जात. अशा तारेतून खालच्या गावात वीज उतरवता येत नाही. त्यासाठी उपकेंद्र लागते, रोहित्र लागते, वितरणाच्या वेगळ्या तारा लागतात आणि मुख्य म्हणजे पैसे देणारे ग्राहक लागतात. कंपनीचा ग्राहक मुंबईत होता. साहजिकच शेतात मनोरा आणि घरात रॉकेलची चिमणी असे दृश्य कित्येक वर्षे कायम राहिले.

१९४२ मध्ये याच मनोऱ्यांना राजकारणात अनपेक्षित स्थान मिळाले.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला नाभिक कुटुंबात झाला. ते कायद्याचे पदवीधर, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष. आदिवासी आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी खेड्यापाड्यांत शाळा काढल्या. सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उघडल्या. ऑगस्ट १९४२ मध्ये 'छोडो भारत'ची हाक आली, पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि कोतवाल भूमिगत झाले. त्यांनी उभारलेल्या पथकाचे नाव 'आझाद दस्ता'. त्यात मानिवलीचे हिराजी पाटील होते, त्यांचे वडील गोमाजी होते, आणि परिसरातील अनेक तरुण होते.

दस्त्याने लक्ष्य निवडले ते मुंबईला वीज नेणारे मनोरे. ही निवड अडाण्याची नव्हे. महायुद्ध चालू होते. मुंबईच्या गिरण्या युद्धासाठी कापड विणत होत्या, रेल्वे सैन्य आणि सामग्री वाहत होती. चौकी जाळली तर एका गावात खळबळ माजते, मनोरा पडला तर शहराचे चक्र थांबते. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना साम्राज्याची ही नस घराच्या अंगणातून दिसत होती. रात्रीच्या अंधारात लोखंड कापण्याच्या करवतींनी मनोऱ्यांचे पाय कापले जात. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात दस्त्याने अकरा मनोरे पाडल्याचे सांगितले जाते. त्याचा परिणाम कारखान्यांवर आणि रेल्वेवर झाला.

वाचकाने येथे क्षणभर थांबावे. हे मनोरे इंग्रजांच्या कंपनीचे नव्हते. ज्या कंपनीचे भाग विकत घेणे हे १९१० मध्ये स्वदेशीचे लक्षण होते, तिच्याच तारा तीस वर्षांनी देशभक्तांनी तोडल्या. गिरणी बंद पडली की कोकणातून आलेल्या कामगाराची पाळी बुडत असे, हेही खरे. एकच तार भांडवलदारासाठी राष्ट्रनिर्मिती होती, सरकारसाठी युद्धसामग्री, कामगारासाठी रोजी, आणि कोतवालांसाठी सत्तेचा गळा. यांपैकी कोणतेही वर्णन खोटे नाही. स्वातंत्र्यलढ्याच्या शालेय कहाण्यांत ही गुंतागुंत सहसा गाळली जाते. त्यामुळे कोतवालांचे मोठेपण वाढत नाही, उलट त्यांची निवड किती विचारपूर्वक होती हे झाकले जाते.

सरकारने बक्षीस लावले, पोलिसांची खास पथके नेमली. दस्त्याचा मुक्काम मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात असल्याची बातमी फुटली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे डीएसपी हॉल याच्या पथकाने वेढा घातला. हिराजी पाटील आणि भाई कोतवाल तेथेच मारले गेले. कोतवालांनी नुकतीच वयाची तिशी पूर्ण केली होती. दर वर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर आजही लोक जमतात.

त्याच १९४३ मध्ये दिल्लीत विजेवर निराळी चर्चा चालू होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीज धोरणाच्या समितीपुढे बोलत होते. हिंदुस्थानातील दारिद्र्यावर उद्योगीकरणाशिवाय उपाय नाही, त्यासाठी वीज स्वस्त आणि मुबलक हवी, आणि ती केवळ खाजगी नफ्यावर सोडता येणार नाही, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. १९४८ चा वीजपुरवठा कायदा आणि त्यातून पुढे राज्याराज्यांत निर्माण झालेली वीज मंडळे यांची मुळे त्या वर्षांतील चर्चांत सापडतात. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ जून १९६० मध्ये स्थापन झाले आणि त्यानंतर ग्रामीण विद्युतीकरणाने वेग घेतला. कर्जतच्या गावांत दिवे आले ते या मंडळाच्या तारांनी. माथ्यावरून जाणाऱ्या तारा तशाच जात राहिल्या.

पाण्याचे मात्र निराळे झाले. चक्र फिरवून झाले की पाण्याचे काम संपते, ते पेज नदीत सोडले जाते. कोकणातील इतर नद्या फेब्रुवारीनंतर आटतात, पेज मे महिन्यातही वाहते. राजनाल्याच्या कालव्याने हे पाणी शेतांत नेले आणि कर्जत तालुक्यात उन्हाळी भाताचे दुबार पीक शक्य झाले. उल्हास नदीच्या काठावरील शहरांना मिळणाऱ्या पाण्यातही या सोडलेल्या पाण्याचा वाटा आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने वीजगृहाची सर्वांत मोठी देणगी ही विजेची नसून टाकाऊ पाण्याची ठरली. गिरण्यांसाठी आखलेल्या योजनेत ती कोणाच्या ध्यानीमनीही नसावी. वीजगृह बंद राहिले की नदीची पातळी उतरते, हे पेजेकाठच्या माणसाला कोणत्याही अभियंत्याइतकेच ठाऊक असते.

घाटाच्या वरच्या बाजूला याच पाण्याचा हिशेब उलटा मांडला जातो. कृष्णा पाणी तंटा लवादाने १९७३ च्या निवाड्यात टाटांच्या जलाशयांतून पश्चिमेकडे वळणाऱ्या पाण्याला मर्यादा घातली. पुणे, सोलापूरकडे दुष्काळ पडला की वृत्तपत्रांत मागणी येते: भीमा खोऱ्यातील माणूस तहानलेला असताना त्याचे पाणी समुद्राकडे का सोडता? प्रश्न रास्त आहे. पण हे पाणी आता थेट समुद्राकडे जात नाही, वाटेत त्यावर शंभर वर्षांत दुसऱ्या माणसांचे जगणे उभे राहिले आहे. १९२२ मध्ये आंदर मावळाला विचारले गेले नाही. आज पाणी परत फिरवायचे झाले तर कर्जतला विचारावे लागेल.

विजेच्या वाटणीतील जुना भेदही लगेच मिटला नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्र दिवसाचे कित्येक तास भारनियमन सोशीत होता, तेव्हा मुंबई बहुतांशी त्यातून वगळलेली होती. शहराच्या या सुरक्षिततेमागे जी व्यवस्था आहे, तिच्यात घाटाच्या पायथ्याची ही जुनी वीजगृहे आजही मोलाची आहेत. कोळशावरचे केंद्र थंड पडले की पुन्हा सुरू व्हायला तास लागतात, पाण्याचे चक्र काही मिनिटांत फिरते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगरातील वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, ऑनलाइन वर्ग आणि कार्यालये एकाएकी बंद पडली. त्या दिवशी पुरवठा सावरण्यासाठी सह्याद्रीतील जलविद्युत केंद्रांचीच मदत घेतली गेली.

आता भिवपुरीचे नाव पुन्हा बातम्यांत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि महाराष्ट्र शासन यांच्यात दोन उदंचन जलविद्युत प्रकल्पांचा करार झाला. एक शिरवत्याला १,८०० मेगावॉटचा, दुसरा भिवपुरीला १,००० मेगावॉटचा. भिवपुरीच्या जुन्या वीजगृहाची क्षमता सुमारे ७५ मेगावॉट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा आवाका कळतो. 'उदंचन' हा शब्द बोजड असला तरी कल्पना सोपी आहे. दुपारी सौर वीज गरजेपेक्षा जास्त असते, तेव्हा तिच्या बळावर खालचे पाणी पंपाने वर चढवायचे. दिवेलागणीला मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. शंभर वर्षे जे पाणी कड्यावरून फक्त उतरत आले, ते आता रोज वर चढेल आणि सायंकाळी, मुंबईत दिवे लागण्याच्या वेळी, पुन्हा भिवपुरीला उतरेल.